श्वानाचा विमा
धर्मराजानें श्वानाला टाकून स्वर्गांत जाण्याचें नाकारिलें. मग घरीं आणिलेल्या पिलाचें दुखणें परकें कसें मानावें? नातवंडांनीं रस्त्यावरचें एक पिलूं आणिलें. मीं त्याचा विमा उतरविला, आणि दहाव्याच दिवशीं त्यास पार्व्होचा रक्तातिसार जडला. कंपनीनें कलम दाखविलें: प्रतीक्षाकाळांतील आजारास भरपाई नाहीं! जन्मभर मुलांना ‘प्रश्न नीट वाचा’ म्हणणाऱ्या मास्तरानें करारच वाचला नव्हता. सुदैवानें पिलूं वांचलें.

वाचकांनीं सहीपूर्वीं चार गोष्टी पाहाव्या: प्रतीक्षाकाळ किती, पूर्वींचे आजार वगळले आहेत काय, खर्चांत आपला वांटा किती, आणि वयाची मर्यादा कोणती. मात्र विमा पैसा देतो, आरोग्य नव्हे. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून लशी टोंचाव्या आणि त्यांची नोंद जपावी.