काढा औषधातच धरा

आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याच्या बाजूला गुळवेल सहसा कुणी विकत आणत नाही. बांधावरच्या कडुलिंबाला ती लोंबतच असते. कन्नड घरांत तीच अमृतबळ्ळी. वरची कागदासारखी साल नखाने सोलली की आत हिरवीगार. बुंध्याशी तोडली तरी वरून सुतळीसारखी मुळं सोडून पुन्हा जमीन गाठते. इतकी चिवट वेल अंगातही तग आणत असणार, असं माणसाला वाटलं तर नवल नाही.

तापाला गुळवेल, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि त्याला माझी हरकत नाही. पण तो काढा ताप असेतोवरचा. करोनात ही मुदतच मोडली. आयुष मंत्रालयाच्या २०२०च्या सूचनेतही पंधरा दिवस ते महिना असंच होतं. लोकांनी सूचनेतली गुळवेल तेवढी उचलली, मुदत सोडून दिली.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. सहाही जण गुळवेल घेत होते. त्यांतला एक दगावला. २०२१मध्ये हे छापून आलं तेव्हा मंत्रालय म्हणालं, वेल ओळखण्यात चूक झाली असेल, ती टिनोस्पोरा क्रिस्पा असेल. शंका रास्त होती; दोघी बहिणी-बहिणीच, क्रिस्पाच्या खोडावर तेवढ्या बारीक गाठी असतात. पण २०२२मध्ये देशातल्या १३ केंद्रांतले ४३ रुग्ण एकत्र अभ्यासले गेले, तेव्हाही बोट गुळवेलीकडेच गेलं. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर उलटावी, तशी लक्षणं अनेकांत होती. प्रतिकारशक्ती वाढते म्हणून जे घ्यायचं, ते सगळ्यांना सारखंच मानवेल, हे धरून चालणंच मुळात भाबडेपणाचं.

कलबुर्गी-सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "औषध काय चालू आहे?" पेशंट बीपीच्या गोळीचं नाव सांगतो. काढ्याचं नाव निघत नाही. लपवायचं नसतं, तो औषधात धरलेलाच नसतो.

तेव्हा आमवात, सोरायसिस, थायरॉइड असा, प्रतिकारशक्ती आपल्यावरच उलटण्यातून होऊ शकणारा विकार किंवा यकृताचा जुना विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नका. मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर जास्त उतरू शकते. आणि डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, भूक मेली, तर काढा त्याच दिवशी बंद करा, रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांना गुळवेलीचं नाव घेऊन सांगा.