चिठ्ठी डॉक्टरांची, भुर्दंड रुग्णाला

निजामपूरकडची एखादी शेतमजूर बाई तापाने फणफणलेले मूल घेऊन एसटीने माणगावला येते, तेव्हा डॉक्टरांच्या फीचा अंदाज तिला असतो. नसतो तो चिठ्ठीवरील चार-पाच नावांच्या किमतीचा. ताप उतरवणारी गोळी रुपया-दोन रुपयांची. परंतु तिच्या जोडीला टॉनिकची बाटली आणि गरज नसताना एखादे प्रतिजैविक आले की दिवसाची मजुरी दुकानाच्या फळीवरच संपते. इतर बाजारात माल निवडणारा आणि पैसे मोजणारा एकच असतो. औषधांच्या बाजारात निवड एकाची आणि भुर्दंड दुसऱ्याचा. औषध कंपन्यांची नफेखोरी नेमकी या विसंगतीवर पोसली गेली आहे.

याहून वेगळी वैद्यकी याच जिल्ह्यात घडली आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरले, ते रक्तदाबाचे साधे, स्वस्त औषध. गंभीर विंचूदंशाने पूर्वी शेकडा २५-३० रुग्ण दगावत. या उपचाराने ते प्रमाण एकाच्या आसपास आले. याच डॉक्टरांनी २०१३ साली एका तपासणी केंद्राकडून ‘कट’ म्हणून आलेला बाराशे रुपयांचा धनादेश परत केला आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार नोंदवली. त्यांच्या व्यवसायबंधूंपैकी किती जण उघडपणे त्यांच्या पाठीशी उभे राहिले, हा प्रश्न मात्र अवघड आहे.

तथापि एखाद्या डॉक्टरच्या सचोटीवर गरिबाचे आरोग्य सोपवणे म्हणजे शासनाला मोकळे सोडणे होय. हाथी समितीने १९७५ मध्येच व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करण्याची शिफारस केली होती. ती बासनात गेली. किंमत-नियंत्रणाखाली १९७९ साली ३४७ मूळ औषधे होती. १९८७ मध्ये ती १४२ झाली आणि १९९५ मध्ये अवघी ७४ उरली. २०१३ च्या आदेशाने आवश्यक औषधांची यादी नियंत्रणाखाली आणली खरी, पण कमाल किंमत ठरवताना उत्पादनखर्च बाजूला सारून बाजारभावाची सरासरी धरली. कंपन्यांनी फुगवलेल्या भावांची सरासरी काढायची आणि तिलाच नियंत्रण म्हणायचे! ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने औषधे मूळ नावानेच लिहिण्याची सक्ती केली आणि त्याच महिन्यात ती स्थगितही केली.

मूळ नावाच्या औषधांचा दर्जा कोण तपासणार, हा डॉक्टरांचा आक्षेप खोटा नाही. पण त्यावरचा उपाय सरकारी प्रयोगशाळा आणि औषध निरीक्षक वाढवणे हा आहे. महागडे नाव ही काही दर्जाची हमी नव्हे.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले. परंतु फडताळ रिकामे असेल तर त्या मोफत उपचाराची चिठ्ठीही बाहेरच्या दुकानातच जाते. म्हणून माणगावच्या उपजिल्हा रुग्णालयातील औषधसाठ्याची यादी दरमहा दर्शनी भागात लागावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे. त्याचबरोबर वाडीवस्तीवर एक अप्रिय गोष्टही बोलावी लागेल. सुई टोचली नाही तर डॉक्टर कसला, असे रुग्णच म्हणतात, आणि सलाईनची बाटली लावून घेण्याचा हट्ट पुष्कळदा घरच्यांचाच असतो.