वाणाबरोबर एक अर्ज

नवी सून घरात आली की रेशनकार्डावर तिचं नाव चढवायची आपल्याला कोण घाई! मतदारयादी मात्र आठवते ती थेट मतदानाच्या सकाळी. सूनबाई राहतात नगरला, नाव राहिलं माहेरी राहुरीच्या यादीत. त्यात लग्नात नाव बदललेलं. हाती ओळखपत्र असलं तरी इथल्या यादीत नाव नाही, म्हणून बिचारी तशीच परत.

बायकांची नावं अशी गळणं जुनंच आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीआधी, मुख्यतः उत्तर भारतात, कितीतरी जणींनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालवून घेतली नाही. सुमारे २८ लाख बायका यादीबाहेर राहिल्या.

अमेरिकेत मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांना नाव नोंदवायला राज्यघटनेवरची परीक्षा द्यावी लागे. १९६४ च्या उन्हाळ्यात कॉलेजची मुलंमुली त्यांच्या दारोदार हिंडली, तयारी करून घेतली, कचेरीपर्यंत सोबत गेली. काहींना त्यापायी जीव गमवावा लागला. आपल्याकडे ना परीक्षा, ना फी. हवी असते ती फक्त सोबत. ती आपण शेजारणी देऊ शकतो.

संक्रांतीचं हळदीकुंकू त्याला अगदी सोयीचं. २५ जानेवारी हा मतदार दिवसही त्याच सुमारास येतो. वाण लुटताना एवढं विचारा :

● प्रथमच नाव घालायचं? नमुना ६. वयाचा व पत्त्याचा पुरावा आणि फोटो लागतो. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर यांपैकी ज्या तारखेला अठरा पूर्ण असतील, ती धरतात.

● सासरी नाव आणायचं, किंवा बदललेलं नाव दुरुस्त करायचं? दोन्हींसाठी नमुना ८. नव्याने नमुना ६ भरू नका. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही.

● अडलंच तर आपल्या भागातल्या बीएलओंना भेटा, नाहीतर १९५० या क्रमांकावर फोन करा.

आणि भांडीवालीला विसरू नका हं! पाथर्डी-शेवगावकडच्या तिच्या जावा-नणंदा ऊसतोडीला जात असतील, तर तिच्याकडे निरोप द्या : तात्पुरतं बाहेर गेल्याने गावातला रहिवास संपत नाही, असं १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदाच सांगतो. निघण्यापूर्वी यादी तेवढी पाहून घ्यावी.

अर्जावर सही मात्र जिची तिनेच करावी. आपलं नाव आपल्या हाताने लिहिण्यातच अर्धं काम आहे.