वाकविण्याची विद्या

‘मोडेन पण वाकणार नाही’ हा बाणा मराठी मनास फार प्रिय आहे. माणसाच्या बाबतीत तो शोभतही असेल. परंतु मोटारीच्या इंजिनास पेट्रोल पोचविणाऱ्या धातूच्या नळीने तो पत्करला, तर गाडीस आग लागावयास वेळ लागणार नाही. न मोडता, न चेमटता, पोटातील वाट मोकळी ठेवून वाकणे हाच त्या नळीचा धर्म होय. तिला तो शिकविणारा कारागीर जे करतो ते केवळ हातकाम नव्हे. ती भूमिती आहे, पदार्थविज्ञानही आहे. म्हणूनच या कामास आपल्या शाळांतून स्थान मिळाले पाहिजे, असे माझे मत आहे.

जबलपूरकरांस हा विषय परका वाटू नये. तोफगाड्यांचा कारखाना येथे १९०४ साली स्थापन झाला व वाहनांचा स्वतंत्र कारखाना १९६९ साली. ‘शक्तिमान’ ही लष्करी मालमोटार येथलीच. निस्सान कंपनीच्या परवान्याने बनलेल्या ‘जोंगा’ गाडीचे तर नावच ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या शब्दांतून घडले आहे. जोंगाचे उत्पादन १९९९ साली थांबले. तथापि सैन्याने लिलावात काढलेल्या कित्येक जोंगा आज हौशी लोकांनी जिव्हाळ्याने जतन केल्या आहेत. अशा जुन्या गाडीची इंधननळी गंजली म्हणजे पुष्कळदा गंजका भाग कापून टाकतात, मध्ये हाती लागेल ती रबरी नळी घालतात आणि तारेने आवळून मोकळे होतात. गाडी सुरू होते. मालक म्हणतो, ‘चालते की!’ माझा आक्षेप आहे तो या ‘चालते की’ला.

सरळ नळी वाकविताना काय घडते ते पाहू. बाकाच्या बाहेरील बाजूस धातू ताणला जातो, आतील बाजूस दाबला जातो, आणि मधल्या रेषेची लांबी जवळजवळ तशीच राहते. समजा, नळीचा बाहेरील व्यास ८ मिलिमीटर असून मध्यरेषेस २४ मिलिमीटर त्रिज्येचा बाक दिला. बाहेरील कडेची त्रिज्या २८ व आतील कडेची २० मिलिमीटर होईल. म्हणजे बाहेरील धातूस सुमारे १७ टक्के ताण सोसावा लागेल व आतील धातूस तितकाच संकोच. याहून आखूड बाक हाताने दिल्यास नळी चेमटते, आतील बाजूस सुरकुती पडते व प्रवाहाची वाट अरुंद होते. म्हणून व्यासाच्या तिपटीहून कमी त्रिज्या घेऊ नये, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. नळी खाचेच्या चाकावर टेकवून वाकवितात, किंवा तिच्यात कोरडी बारीक वाळू ठासून भरतात. हेतू एकच, की तिच्या भिंतींस आधार मिळावा.

लांबीचा हिशेबही असाच उद्बोधक आहे. वरील बाक काटकोनाचा असेल तर त्याची लांबी सुमारे ३८ मिलिमीटर भरते. कोपरा टोकदार धरून मोजली तर मात्र ४८ येते. प्रत्येक बाकामागे १० मिलिमीटरांची चूक झाली, तर तीन बाकांत नळी ३ सेंटिमीटरांनी लांब होते आणि मग ती ओढूनताणून बसविण्याचा मोह होतो. ओढून बसविलेल्या नळीत ताण राहतो व पुढे तेथेच तडा जातो. याकरिता जाणता मिस्त्री प्रथम जाड तार वाकवून मार्गाचा नमुना तयार करतो आणि मगच नळीस हात लावतो.

मार्ग निवडणे हे वाकविण्याइतकेच महत्त्वाचे आहे. पेट्रोलातील हलके घटक ३५ ते ४० अंश सेल्सियसच्या आसपास उकळू लागतात. जबलपूरच्या उन्हाळ्यात नुसती हवाच ४० अंशांच्या वर जाते. मग तापलेल्या एक्झॉस्टशेजारून नेलेल्या नळीची कथा काय सांगावी? नळीत वाफ साठते, पंपाला द्रव ओढता येत नाही आणि कार्ब्युरेटरचे इंजिन भर रस्त्यात बंद पडते. शिवाय इंजिन रबरी आधारांवर सतत हलत असते व सांगाडा त्याच्याबरोबर हलत नाही. या दोहोंमधील सांधा लवचीक नळीचाच हवा, परंतु ती इंधनासाठीच बनविलेली व योग्य पट्टीने आवळलेली असावी. बाकीची धातूची नळी ठिकठिकाणी रबराचे अस्तर असलेल्या पकडींनी बांधावी. तांब्याची नळी वाकावयास सोपी खरी. पण कंपनाने ती कठीण होत जाते व अखेर तडकते. म्हणून गाडीत लेप दिलेली पोलादी नळी श्रेयस्कर.

काळजीचे आणखी एक कारण अलीकडे निर्माण झाले आहे. २०२३ पासून आपल्या देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाऊ लागले. जुन्या प्रकारच्या काही रबरांस इथेनॉल सोसत नाही. ती फुगतात व चिरतात. काल ‘चालत’ असलेले ठिगळ उद्या चालेलच, असा भरवसा आता उरलेला नाही.

कोणी म्हणेल, नव्या गाड्यांत प्लॅस्टिकच्या नळ्या आल्या, विजेच्या गाड्याही येत आहेत. मग ही जुनी विद्या हवी कशाला? आक्षेप वाजवी आहे. पण ब्रेकची नळी, शीतकपाटाची नळी, स्वयंपाकघरातील गॅसची नळी यांस बाक द्यावाच लागतो. साधन बदलले तरी ताण, उष्णता व कंपन यांचे नियम बदलत नाहीत.

माझी सूचना अल्पखर्चाची आहे. शाळेने हातभर नवी तांब्याची नळी, मूठभर कोरडी वाळू आणि खाच पाडलेले एक लाकडी चाक आणावे. पेट्रोलाचा थेंबही वर्गात आणू नये. मुलांनी आधी बाकाची लांबी काढावी, मग नळी वाकवावी, शेवटी दोऱ्याने मोजून हिशेब ताडून पाहावा. जमल्यास गावातील एखाद्या अनुभवी मिस्त्रीस शिक्षकाच्या शेजारी उभे करावे. वर्तुळखंडाचे सूत्र ज्यास पाठ आहे त्याच्या हातास नळी ठाऊक नसते, आणि ज्याच्या हातास नळी ठाऊक आहे त्यास आपण सूत्र वापरतो याची कल्पना नसते. बाक, पीळ, चेमटणे, तडा हे शब्द दोघांचेही आहेत. दोघांची गाठ एका वर्गात पडली, तर ‘चालते की’ म्हणण्यापूर्वी दोघेही नळीकडे पुन्हा एकदा पाहतील.