बारा ते तीन घरात बसायचं कोणी?

फाल्गुन सरत आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमधून ‘उन्हाळ्यात त्वचेची काळजी’ सुरू होते. डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवा, गुलाबपाण्याचे बोळे ठेवा, बाहेर पडण्याआधी वीस मिनिटं सनस्क्रीन लावा. त्याच सुमारास सरकारी सूचना निघते, दुपारी १२ ते ३ उन्हात जाणं टाळा. हे सल्ले चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. (काकडीबद्दल मात्र काही बोलत नाही.) पण ज्या बाईला डोळ्यांपुढे ठेवून ते लिहिलेले असतात ती बाराला घरात असते, निदान असू शकते. पंचवटीत गोदाघाटावर दर बुधवारी बाजार भरतो. पहाटे माल उचलून सकाळपासून घाटाच्या फरशीवर बसलेल्या भाजीवालीने बारा वाजता कुठे जायचं? ती उठली तर मेथी कोण विकणार?

तिथे एकदा नीट बघा. मेथीच्या जुड्यांवर ओलं बारदान असतं. छत्री असलीच तर तिचा कल पालेभाजीकडे असतो, कारण पाला सुकला की भाव पडतो. बाईच्या डोक्यावर पदर असतो. माल सावलीत आणि माणूस उन्हात, ही बाजाराची रीतच होऊन बसली आहे आणि ती मोडायला हवी असं फारसं कुणाला वाटत नाही, त्या बाईलाही नाही.

उन्हाळा म्हटला की आपण उष्माघाताबद्दल बोलतो. ते आवश्यकच आहे. पण उन्हाचा चटका आणि उन्हातले अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चटका कळतो, माणूस बाजूला होतो. अतिनील किरण कळतच नाहीत. ढगाळ दिवशी ते असतात, थंडीतल्या छान उबदार उन्हातही असतात आणि त्यांचा हिशेब शरीरात वर्षानुवर्षं साठत जातो. नाशिक आहे साधारण २० अंश अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून जवळजवळ ६०० मीटर उंचीवर. उंची वाढते तसे हे किरण तीव्र होतात, हजार मीटरला सुमारे १० टक्क्यांनी. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात सूर्य इथे दुपारी बरोबर डोक्यावर येतो. ते किती तीव्र आहेत हे ओळखायला यंत्र लागत नाही. आपली सावली पाहावी. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर किरण जोरात आहेत, लांब असेल तर मानाने सौम्य. बैठकीत हे सांगितलं की बाया हमखास अंगणात जाऊन सावली मोजून बघतात. थंडीतसुद्धा भर दुपारी ती उंचीपेक्षा थोडी आखूडच भरते.

हे किरण कातडीला काय करतात? सुरकुत्या लवकर आणतात, काळे डाग आणतात, आणि गोऱ्या कातडीच्या लोकांत कर्करोगही. आपल्या सावळ्या त्वचेत रंगद्रव्य भरपूर असतं, त्यामुळे त्वचेचा कर्करोग युरोपीय लोकांच्या मानाने आपल्याकडे पुष्कळच कमी. म्हणजे उन्हात राबायला लागणारं संरक्षण आपल्याला जन्मतःच फुकट मिळालेलं आहे, आणि तेच घासून काढायला आपण पैसे मोजतो!

इथे मला वांगाबद्दल लिहायचं आहे. गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर येणारे तपकिरी चट्टे. पुरुषांपेक्षा बायकांना फार जास्त येतात. कारणं तीन-चार एकात एक गुंतलेली. ऊन हे त्यातलं मोठं, शिवाय गरोदरपण, अनुवंश आणि गर्भनिरोधक गोळ्या. आता हे एका बाईच्या आयुष्यात मांडून पाहा. बाळंतपण तिचं. पुढचं मूल नको म्हणून गोळ्या घ्यायच्या त्या तिनेच, नवरा काही करणार नाही. दिवसभर उन्हातही तीच. या सगळ्याची मोहर तिच्या तोंडावर उमटते, आणि मग सासरचे विचारतात, चेहरा असा का झाला? गोळ्या सुरू करताना दवाखान्यात वांगाबद्दल कितीजणींना सांगितलं जातं? गोळ्या बंद करा असं माझं म्हणणं नाही. पण वांग वाढत असेल तर दुसरं साधन मागता येतं, एवढी माहिती मिळणं हा तिचा हक्क आहे.

माहिती मिळत नाही, तेव्हा क्रीम मिळतं. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आलं. २०२० मध्ये त्याच्या नावातला ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आला. नाव बदलल्याने लग्नाच्या बाजारातला भाव बदलत नाही. पण त्याहून घातक माल ट्यूबमधून गल्लीच्या दुकानात येतो. बेटामेथासोन, क्लोबेटासोल अशी स्टेरॉइडं असलेली मलमं बायका गोरं होण्यासाठी महिनोन्‌महिने लावतात. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते, आणि ती पातळ कातडी उन्हात आणखी भाजते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. आपल्या वस्तीतल्या दुकानात चिठ्ठी मागतात का, हे एकदा गटाने जाऊन पाहावं. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची, आई आणि दोन मुलींची, बातमी आली होती. चेहऱ्याच्या क्रीममधल्या पाऱ्याने त्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. आजार उन्हाचा नव्हता, गोरेपणाचा होता.

म्हणून आपण एक गोष्ट पक्की वेगळी करायला हवी. उन्हापासून जपणं आणि गोरं होणं यांचा एकमेकींशी संबंध नाही. बाजाराने त्या एकाच डबीत भरल्या आहेत. त्यामुळे उन्हापासून जप असं म्हटलं की कार्यकर्तीलाही ते चोचले वाटतात. सनस्क्रीनचंच घ्या. ते काम करतं, पण चेहरा आणि मानेला मिळून चहाच्या चमच्याएवढं लावावं लागतं आणि घाम गाळणारीला दर दोन तासांनी. ५० ग्रॅमची ट्यूब दहा वेळा लावून संपते, म्हणजे तीन दिवस. कुठली मजूर बाई हे परवडवणार आहे? तिच्या कामाचं आहे ते घट्ट विणीचं, गडद रंगाचं, लांब बाह्यांचं कापड. झिरझिरीत आणि त्यातून घामाने ओलं झालेलं कापड किरण बरेच आत सोडतं. शेतात बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात. ते शहाणपण कुठल्याही पुरवणीतल्या लेखापेक्षा जास्त आहे.

निंदणीला जाणाऱ्यांसाठी त्यात आणखी एक भर. गाजरगवत. १९५० च्या दशकात पुण्याकडे पहिल्यांदा दिसलेलं हे तण आता सगळीकडे आहे. त्याच्या संपर्काने हात, मान, चेहरा यांना येणारी खाज आणि चट्टे उन्हाने आणखी चिघळतात. हातमोजे मागितले तर मालक हसतो, ही गोष्ट वेगळी.

पण माझ्या मते कातडीपेक्षा जास्त बोलायला हवं ते डोळ्यांबद्दल. डोळ्याच्या आतल्या भिंगाला सावळेपणाचं संरक्षण नाही. वर्षानुवर्षं उन्हात काम केलं की मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. बुबुळाच्या कडेने मांस वाढतं, डॉक्टर त्याला टेरिजियम म्हणतात, ते ऊन, धूळ आणि वाऱ्यात काम करणाऱ्यांचंच दुखणं. मोतीबिंदूला चुलीचा धूरही हातभार लावतो. म्हणजे दिवसा ऊन आणि संध्याकाळी चूल. जगभरात नजर कमी झालेल्या किंवा गमावलेल्या माणसांपैकी सुमारे ५५ टक्के स्त्रिया आहेत. आयुष्य जास्त हे त्याचं एक कारण. उपचार उशिरा किंवा मिळतच नाहीत, हे दुसरं.

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी दवाखान्यात फुकट होते. तरी बाई जात नाही. का? सोबत कोण येणार? पुढचे काही दिवस चूल, धूळ, डोळ्यात पाणी टाळायचं, मग घर कोण बघणार? आणि त्या दिवसांचा रोज? म्हाताऱ्याला दिसेनासं झालं की मुलगा घेऊन जातो. म्हातारीला दिसेनासं झालं तर ती चाचपडत स्वयंपाक करत राहते. तांदळातले खडे राहू लागले की मग कुठे घरच्यांच्या लक्षात येतं.

पंचवटीतल्या पेठ नाक्यावर द्राक्षाच्या हंगामात पेठ, सुरगाणा, हरसूलकडून आलेल्या मजूर बाया उतरतात. तिथून दिंडोरी, निफाडकडच्या बागा. आपल्याला वाटतं मांडवाखाली सावली असते. असते, पण विरळणीचं काम मान वर करून करावं लागतं. एरवी डोक्यावरच्या उन्हापासून कपाळ आणि पापणी डोळ्याला आडोसा देतात. वर बघणाऱ्या माणसाला तो आडोसा राहत नाही. पानांच्या फटीतून थेट आकाश डोळ्यात येतं. फवारणी करणाऱ्याला गॉगल द्यायला हवा हे निदान कागदावर तरी कबूल असतं. विरळणी करणारीला काही द्यायला हवं हे कुणाच्या डोक्यातही नाही. ते काम बाईचं आणि ‘हलकं’ ना!

आणि समजा दिला गॉगल. ती लावेल? डोक्यावर पाटी आणि डोळ्याला काळा चष्मा, अशी बाई रस्त्याने गेली तर पोरं शिट्या मारतील, बाया तोंडाला पदर लावून हसतील. गॉगल शोभतो तो स्कूटीवरच्या मुलीला, आणि तिलाही ‘तोंड बांधून कुठे चालली’ हे ऐकावं लागतंच. वेल्डिंग करणाऱ्या पुरुषाच्या चष्म्याला कुणी हसत नाही, कारण ते अवजार मानलं जातं. बाईच्या डोळ्यावर तोच चष्मा चढला की नखरा होतो. यावर गटानेच उपाय काढावा लागेल. एकटीने लावला की हसू होतं, दहाजणींनी मिळून लावला की सवय होते. घेताना एवढं पाहावं की काचेवर ‘यूव्ही ४००’ असावं. काच किती काळी आहे याला महत्त्व नाही. उलट नुसती काळी, किरण न अडवणारी काच वाईट, कारण अंधारात बाहुली मोठी होते आणि जास्त किरण आत जातात. पांढऱ्या काचेचा चष्माही चालतो, किरण अडवणारा असला म्हणजे झालं. त्याला हसूही कमी होतं. जोडीला कपाळाच्या पुढे येणारी रुंद काठाची टोपी, किंवा पदराखाली पुठ्ठा घालून पुढे काढलेली झापड. पावसासाठी आपल्या डोंगराळ भागात इरलं निघालं, दोन्ही हात मोकळे ठेवून लावणी करता यावी म्हणून. उन्हासाठी असं काही का निघालं नाही, हा मला पडलेला प्रश्न आहे.

तरीही गॉगल आणि टोपी ही शेवटची गोष्ट. पहिली गोष्ट सावली, आणि ती एकेकटीने विकत घ्यायची वस्तू नाही. रोजगार हमीच्या कामावर पिण्याचं पाणी, विसाव्याला सावली आणि लेकरांची सोय हवी, हे महाराष्ट्राने १९७७ च्या कायद्यापासून मान्य केलं आहे. ते कागदावरून माळावर आणायला बायकांनाच मोर्चे काढावे लागले. मग रस्त्यावर धंदा करणारीच्या सावलीचं काय? शहरोशहरी अतिक्रमणाची गाडी येते तेव्हा आधी छत्रीचा बांबू उचलला जातो. तराजू लपवता येतो, छत्री लपत नाही. गणेशवाडीत भाजीमंडईची इमारत बांधून झाली, पण तिथले ओटे वर्षानुवर्षं रिकामे आणि बाजार बाहेर उन्हात असं चित्र राहिलं. गिऱ्हाईक आत येत नाही, हे विक्रेत्यांचं म्हणणं. जागा ठरवताना बसणाऱ्यांनाच विचारलं नाही, तर सावलीही कुचकामी होते.

पंचवटी हे नावच पाच वडांचं. सावलीचं गाव. तिथल्या तपोवनात २०२७ च्या सिंहस्थातल्या साधुग्रामासाठी सुमारे १८०० झाडं तोडायचा प्रस्ताव २०२५ च्या नोव्हेंबरात पुढे आला तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले. डिसेंबरात हरित लवादाने तोडणीला तात्पुरती स्थगिती दिली. त्या आंदोलनात पक्ष्यांचं बोललं गेलं, प्राणवायूचं बोललं गेलं, रामायणाचंही. ते सगळं खरंच. पण त्या झाडांखाली दुपारी भाकरी सोडणारी झाडूवाली, कागद-काच वेचणारी, बांधकामावरची बाई, यांचं कुणी फारसं बोललं नाही. बागेतली झाडं फिरायला येणाऱ्यांची आणि रस्त्याकडेची राबणाऱ्यांची, असा हिशेब आपण मांडायला हवा होता.

सिंहस्थाच्या पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबरात असल्या तरी त्याचे घाट, रस्ते, नळ बांधणाऱ्या बाया उन्हाळ्यात राबतात. साफसफाईचे ठेके निघतात ते माणशी दराने. त्या ठेक्याच्या अटींत टोपी, चष्मा, लांब बाह्यांचा अंगरखा, दुपारची सुट्टी (पगार न कापता) आणि दर ठरावीक अंतरावर सावलीचं पाल, एवढं लिहून घेण्यासाठी निविदा निघण्याआधीच जावं लागतं. नंतर ठेकेदार म्हणतो, माझ्या कागदात नाही.

फेरीवाल्यांच्या २०१४ च्या केंद्रीय कायद्यात नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे. तिच्यात किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या आणि त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या. या जागांवर कोण बसतं, त्या बायका बैठकीला जातात की त्यांच्या सह्या घरी येतात, हे आपापल्या शहरात तपासून पाहा. विक्रीच्या जागा आखताना सकाळी अकराला आणि दुपारी दोनला सावली कुठे पडते, हे नकाशावर मांडायला त्यांना सांगा. एका बुधवारी घाटावर खडू घेऊन गेलं तरी तो नकाशा तयार होतो.