घर एक, बैठका दोन

शनिवारची संध्याकाळ आहे. पुण्यातील एका सदनिकेत मुलीची मित्रमंडळी जमणार आहेत. तंजावरहून महिनाभरासाठी आलेले तिचे आईवडील दुपारपासूनच उत्साहात आहेत. आईने सर्वांसाठी खाण्याचे पदार्थ केले आहेत, कॉफीचे डिकॉक्शन काढून ठेवले आहे. वडील शुभ्र वेष्टी नेसून बाहेरच्या खोलीत येऊन बसले आहेत. पाहुणे येतात. सगळे मराठीच. आयुष्यभर तमिळ शेजारात राहून घरात मराठी जपणाऱ्या त्या गृहस्थांना याचे विशेष अप्रूप वाटते. ते हौसेने बोलू लागतात. त्यांच्या मराठीला तमिळ हेल आहे. काही शब्द जुने आहेत, काही तमिळमधून आलेले आहेत. कोणाला तरी हसू येते. त्या हसण्यात दुष्टावा नसतो; पण मुलगी अवघडते आणि हलक्या आवाजात म्हणते, "अप्पा, तुम्ही दमला असाल. आत जाऊन जरा पडा ना." वडील मुकाट्याने उठतात. आतल्या खोलीचे दार लोटले जाते आणि बाहेर गप्पांना रंग चढतो.

हा प्रसंग कल्पिलेला आहे. पण तो अनोळखी मात्र नाही. गावे बदलतील, भाषा बदलतील, पाहुण्यांची संख्या कमीजास्त होईल. परंतु मुलांच्या मित्रमंडळींत आपल्याला जागा नाही, ही जाणीव आज असंख्य घरांतील आईवडिलांना होत असते. त्यांना जेवणखाण वेळेवर मिळते, औषधपाणी होते, अंगावर चांगले कपडे असतात. कोणी त्यांचा अपमान करत नाही. तरीही मुलांच्या वाढदिवसाला, गृहप्रवेशाला किंवा सुट्टीच्या दिवशी चार माणसे जमली, की आईवडिलांचा वावर स्वयंपाकघरापुरता आणि नमस्कार स्वीकारण्यापुरता उरतो. हे दुःख सांगायला लहान आणि सोसायला मोठे असते. ज्याची तक्रार करता येत नाही, असे हे दुःख आहे.

तंजावरच्या मराठी घरांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. इसवी सन १६७६ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी भोसले यांनी तंजावरला मराठी राज्याची स्थापना केली. त्या राज्याबरोबर मराठी भाषा कावेरीच्या काठी रुजली. ती राजदरबारात होती, मोडी दफ्तरात होती, नाटकांत होती, कीर्तनांत होती. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरण्यात आला. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजी राजांनी सरस्वती महाल ग्रंथालयाची मोठी भरभराट केली आणि तंजावरला देवनागरी मुद्रणाची सोयही केली. पुढे १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी यांचे निधन झाले, पुत्र नसल्याचे कारण सांगून इंग्रजांनी राज्य खालसा केले आणि मराठीचा राजाश्रय संपला.

दरबार गेला तरी माणसे राहिली. त्यांतील काहींनी मोठे नाव मिळवले. कुंभकोणम येथे जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले. पण सामान्य कुटुंबांत भाषेचे क्षेत्र हळूहळू आकुंचित होत गेले. शाळा तमिळ आणि इंग्रजी, बाजार तमिळ, कचेरी इंग्रजी. मराठी उरली ती घरात. अनेक घरांत ती बोलली जाते, परंतु लिहिण्यावाचण्यासाठी तमिळ किंवा इंग्रजीचाच आधार घेतला जातो. दरबार, दफ्तर आणि रंगभूमी गमावलेल्या या बोलीला घरातली बैठक एवढीच सभा उरली आहे. त्या बैठकीतून आईवडील उठून आत गेले, की त्यांच्याबरोबर भाषाही आत जाते. चेन्नई, बंगळुरू किंवा पुणे येथे नोकरीसाठी गेलेल्या पिढीच्या मुलांच्या कानांवर ती मग क्वचितच पडते. म्हणून त्या दिवशी लोटलेले दार केवळ एका वृद्धाच्या मनाचे नव्हते. साडेतीन शतके टिकलेल्या एका बोलीचेही ते दार होते.

असे असले तरी सारा दोष मुलांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. पूर्वी सगळे एकत्र बसत आणि आता तुटकपणा आला, असे सर्रास बोलले जाते. ते पूर्ण खरे नाही. जुन्या वाड्यातील बैठक आठवून पाहावी. बाहेर ओसरीवर वडीलधारे पुरुष बसत. स्त्रिया माजघरात असत. बाहेरचे बोलणे त्यांच्या कानी पडे, पण त्यांचे बोलणे बाहेर पोहोचत नसे. मुलगा चार मुलांचा बाप झाला तरी वडिलांसमोर तोंड उघडण्यास कचरत असे. सुनेने बैठकीत येऊन मत मांडणे तर कल्पनेतही नव्हते. म्हणजे बैठकीबाहेर कोणीतरी तेव्हाही होतेच. काल धाकटे बाहेर होते, आज थोरले बाहेर आहेत. काल वयाचा आणि पुरुषपणाचा अधिकार चाले. आज शिक्षणाचा आणि भाषेचा चालतो. अधिकार बदलला, पण कोणाला तरी दाराबाहेर ठेवण्याची सवय मात्र तशीच राहिली.

दुसरी गोष्ट अशी, की प्रौढ मुलामुलींना त्यांचे स्वतःचे मित्र असणे, त्या मित्रांशी मोकळेपणाने बोलावेसे वाटणे, यात गैर काहीच नाही. काही गोष्टी समवयस्कांपाशीच बोलता येतात. नोकरीतील ताण, संसारातील कुरबुरी, मनातील संभ्रम आईवडिलांसमोर बोलताना जीभ अडखळते. आणि तसे अडखळणे हे प्रेम नसल्याचे लक्षण नव्हे. आजच्या आईवडिलांनीही त्यांच्या तारुण्यात देवळाच्या प्राकारात किंवा नदीच्या घाटावर मित्रमैत्रिणींसह तास घालवलेले असतात आणि तेथे वडीलमंडळी आली असती तर त्यांना रुचले नसते. तेव्हा मुलांच्या प्रत्येक बैठकीत जागा मिळालीच पाहिजे, असा हट्ट आईवडिलांनी धरू नये. प्रश्न एकांताचा नाही, तो लाजेचा आहे. मुलांना एकांत हवा म्हणून आईवडील आत गेले तर त्यात दुखावण्यासारखे काही नाही. पण आईवडिलांच्या बोलण्याची, वेषाची किंवा अल्पशिक्षणाची लाज वाटते म्हणून त्यांना आत पाठवले, तर ती जखम सहजी भरत नाही. आत जाणाऱ्याला या दोहोंतील फरक तत्काळ कळतो.

शिक्षणाचा मुद्दा येथे विशेष महत्त्वाचा आहे. ज्या आईची शाळा सातवी-आठवीत सुटली, तिने काटकसर करून मुलांना पदवीपर्यंत नेले. आता त्याच पदवीधर मुलाच्या मित्रांपुढे बोलताना तिला चुकण्याची धास्ती वाटते. ती बशा भरून देते, रिकामे पेले उचलते आणि "तुमचे चालू द्या" असे म्हणून निघून जाते. मुलालाही वाटते, की आईला या विषयांत काय रस असणार! वास्तविक घर कसे चालवावे, कर्ज कसे फेडावे, आजारी माणसाची सेवा कशी करावी, हे त्या खोलीतील सर्वांपेक्षा तिला अधिक ठाऊक असते. ज्ञान तिच्यापाशी आहे, फक्त ते सांगण्यासाठी लागणारा आत्मविश्वास तिच्यापाशी नाही. तो तिला मुलानेच द्यायला हवा, कारण त्याचा आत्मविश्वास तिच्याच कष्टांतून उभा राहिलेला आहे.

वृद्ध आईवडिलांच्या पालनपोषणासाठी भारतात २००७ मध्ये कायदा झाला. त्यानुसार निर्वाहासाठी मुलांकडून खर्च मागता येतो. अशा कायद्याची गरज होतीच. परंतु अन्न, वस्त्र, निवारा यांची तरतूद कायदा करू शकतो, "अप्पा, तुम्ही सांगा ना, तेव्हा काय झाले होते?" असे विचारायला कोणताही कायदा कोणाला भाग पाडू शकत नाही. आणि एकटेपणाची झळ काही वृद्धांनाच लागते असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ मधील अहवालानुसार जगात दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणा ग्रासतो आणि त्यांत तरुणांचे प्रमाणही मोठे आहे. म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंना माणसे एकटी आहेत. असे असताना ते दार किलकिले ठेवणे दोघांच्याही हिताचे आहे.

यासाठी मार्ग कोणता, याचे उत्तर तंजावरच्याच परंपरेत सापडते. मराठी कीर्तनकार तंजावरला येत, तेथील राजे आणि रसिक त्यांचे कौतुक करीत. पुढे एकोणिसाव्या शतकात तंजावर कृष्ण भागवतर यांनी त्या मराठी कीर्तनाच्या धर्तीवर तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. मराठीतील साकी, दिंडी, ओवी, अभंग यांच्या चाली तमिळ कथेत मिसळून गेल्या. श्रोत्यांची भाषा वेगळी म्हणून कीर्तन थांबले नाही आणि कीर्तनाचे मूळ परके म्हणून श्रोते उठून गेले नाहीत. दोघेही एकेक पाऊल पुढे आले. आणि कीर्तनाची बैठक अशी, की तिच्यात आजोबा, सून आणि नातू एकाच वेळी बसू शकत.

घरातील बैठकीतही दोन्हीकडून असेच एकेक पाऊल उचलले जावे. मुलांनी सगळ्या संध्याकाळचा नाही, तर पहिल्या अर्ध्या तासाचा विचार करावा. पाहुण्यांना आईवडिलांची ओळख "हे माझे वडील" एवढ्यावरच न संपवता, त्यांनी काय काम केले, त्यांना कशाची आवड आहे, हे सांगून करून द्यावी. त्यांना उत्तर देता येईल असा एखादा प्रश्न विचारावा. बोलण्याच्या ओघात इंग्रजी शब्द फार आले, तर एक वाक्य त्यांच्या भाषेत सांगावे. आणि त्यांच्या बोलीला कोणी हसले, तर संकोचून न जाता ती बोली कोठून आली, हे अभिमानाने सांगावे. बहुतेक वेळा हसणारा माणूस अज्ञानापोटी हसतो. त्याला इतिहास कळला की तोच कान देऊन ऐकू लागतो.

आईवडिलांनीही काही पथ्ये पाळावीत. बैठकीत बसण्याची जागा म्हणजे न्यायासन नव्हे. मुलांच्या मित्रांचे पगार, लग्न, मुलेबाळे यांची चौकशी करणे, त्यांच्या खाण्यापिण्यावर आणि कपड्यांवर शेरे मारणे, "आमच्या वेळी असे नव्हते" हे पालुपद लावणे, यामुळे तरुण मंडळी दूर पळतात. ज्याला ऐकावेसे वाटते, त्याला ऐकणारेही मिळतात. गप्पा रंगल्या आणि आता त्यांना मोकळे सोडावे असे वाटले, तर स्वतःहून उठावे. स्वतःहून उठण्यात मान आहे. त्याचबरोबर आपले समवयस्क, आपले वाचन, आपले भजनीमंडळ किंवा अर्धवट राहिलेले शिक्षण यांत मन गुंतवावे. ज्याच्या आयुष्यात स्वतःची बैठक आहे, त्याला दुसऱ्याच्या बैठकीची आस लावून बसावे लागत नाही.

पुण्याच्या त्या घरात पुढच्या शनिवारी पुन्हा मंडळी जमतील. मुलीने वडिलांना एवढेच म्हणावे, "अप्पा, तुमच्या लहानपणीचा राजवाडा कसा होता, ते यांना सांगा." वडील आपल्या त्याच हेलाच्या मराठीत सांगू लागतील. एखादा शब्द कोणाला कळणार नाही, कोणी त्याचा अर्थ विचारेल, आणि तो समजावून सांगताना मुलीच्याही ध्यानात येईल, की हा शब्द तिलाही नवाच आहे. अर्ध्या तासाने अप्पा घड्याळाकडे पाहून उठतील. त्या वेळी मंडळींपैकी कोणी "काका, अजून थोडे बसा" असे म्हटले, तर त्या घरात पुन्हा एकच बैठक भरली, असे समजावे.