ऑइल ओतलं म्हणजे इंजिन वाचलं असं नाही

ऊस वाहतुकीत ट्रॅक्टरचं ऑइल कमी पडलं, की वरून दोन लिटर ओतायचं आणि परत खेप धरायची, ही सवय माझ्या मते वाईट हाय. क्रँक आणि बेअरिंगमध्ये ऑइलचा पातळ थर असतो. तो तुटला की धातूवर धातू घासतो. ती झीज नव्या ऑइलनं भरून येत नाही; जाड ऑइलनं नुसता आवाज दबतो.

आधी प्रेशर मोजून घ्या. ऑइल काढा, फिल्टर कापून बघा. चकाकणारा चुरा दिसला तर चेंबर खोला. बेअरिंग वेळेत बदललं तर क्रँक वाचतो. नाहीतर क्रँक कोल्हापूरला उद्यमनगरात ग्राइंडिंगला आणि ट्रॉली ऐन सीझनात दारात. एका खेपेपायी एवढं कशाला?